काकू जागच्या हलल्या नाहीत

१२ मार्च

विश्रामगृहात खोली मिळाली. खाट, टेबल, खुर्ची, आणि एक पंखा, ज्याचं बटण आणि तो यांचं आपसात बोलणं बंद असावं. खिडकीतून पाण्याच्या टाकीचा अर्धा भाग दिसतो. बॅग उघडून ठेवली, सामान लावलं नाही. कामावर असताना मी बॅगेतूनच कपडे काढतो आणि बॅगेतच ठेवतो. आता घरीही तीच सवय लागली आहे, बॅग दाराशी अर्धी भरलेली असते. बायको म्हणते, "तुला चहा घेणार का असं विचारावं लागतं, पाहुण्यासारखं." सोय म्हणून मात्र बरं पडतं.

काम असं. इथल्या लष्करी तळावरून समुद्राच्या दिशेने क्षेपणास्त्रांच्या चाचण्या होतात. आजवर त्या फक्त हिवाळ्यात व्हायच्या, आता उन्हाळ्यातही करायच्या आहेत. तळासमोर खाडी, खाडीपलीकडे वाळूचं एक बेट, आणि त्या बेटावर नेमके उन्हाळ्यात सुरय पक्षी उघड्या वाळूत अंडी घालतात. माती, पाणी, झाडं आणि पक्षी यांवर काय परिणाम होतो ते तपासून आम्ही समितीला अहवाल द्यायचा. 'परिणाम नगण्य' असं लिहिलं की उन्हाळी चाचण्यांना कायमची परवानगी मिळेल. बेटाचं पुढे काय होणार ते त्या एका शब्दावर आहे.

या कामाचे पैसे तळच देतो. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण आज येताना गाडीत मनात आली. इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे टाळी वाजवायला हात उचललाच तर लक्षात येईल.

१५ मार्च

तळाचे सुरक्षा अधिकारी आज सगळीकडे फिरवून आणायला आले. सरळ ताठ चालतात आणि तितकेच सरळ विचारतात. "पक्षीतज्ज्ञ, एक सांगा. तुम्ही आल्यामुळे पक्ष्यांवर परिणाम होत नाही का?"

"होतो ना. म्हणून लांबून दुर्बिणीनं बघतो."

"मग आम्हीही लांबूनच उडवतो की."

माझ्याबरोबर आवाज मोजणाऱ्या बाई आहेत, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, आणि विनोद पोटात ठेवायची कला त्यांना साधलेली नाही. त्या खो-खो हसल्या. अधिकारीही हसले. मी हसलो की नाही, आठवत नाही.

प्रक्षेपणमंचाजवळच्या झुडपांच्या पानांवर पांढुरके ठिपके आहेत. इंधनाच्या धुरात आम्ल असतं, त्याचे. कुठपर्यंत ठिपके आहेत ते बघत मी झुडपाझुडपातून रांगत गेलो. एका रेषेपर्यंत ठिपके, आणि पुढच्या झुडपावर एकही नाही, जणू धुराला तिथे कुणी 'बस, आता पुरे' म्हटलं होतं. वारा तिथे वळतो, हे शेवटी लक्षात आलं. असं काही सापडलं की दिवस सार्थकी लागतो. पँट मात्र गुडघ्यांवर फाटली.

संध्याकाळी घरी फोन. माझ्या लेकीने, ठकीने, तीन वेळा विचारलं, "पण कधी येणार?" यंदा बारावं लागलं तिला, तरी लहान मुलासारखा हट्ट. २९ एप्रिलला तिची पोहण्याची स्पर्धा आहे. येतो म्हणालो. "नक्की म्हण." नक्की म्हणालो.

२६ मार्च

सुरय आले! चार दिवसांपूर्वी बेटावर नुसती वाळू होती, आज ती पांढऱ्या-करड्या ठिपक्यांनी भरली आहे. घरटं म्हणजे वाळूत पोटाने केलेला खळगा, बस्स. त्यात दोन अंडी, वाळूच्याच रंगाची. ऊन चढलं की पक्षी उबवायला नाही तर सावली धरायला अंड्यांवर उभा राहतो. मध्येच पाण्याकडे उडतो, पोटाची पिसं भिजवतो आणि येऊन त्या ओल्या पोटाने अंडी गार करतो. किती वेळ बघत बसलो कोण जाणे. बाईंनी हाक मारली तेव्हा मानेला कळ लागली होती.

काम कसं करायचं ते ठरवलं. चाचणीच्या दिवशी बेटावर कुणालाच जाता येत नाही, आम्ही खाडीच्या अलीकडच्या सिमेंटच्या खोलीतून दुर्बिणीने बघणार. किती उडाले, किती वेळाने परतले. परतले म्हणजे काय, याची व्याख्या मीच लिहिली: उडालेल्यांपैकी बहुतेक पक्षी पुन्हा बेटावर उतरले, की 'परतले'. सोपी आणि लांबून मोजता येण्यासारखी. आमचे संचालक खूश झाले. त्यांना आम्ही मागे 'थोडक्यात' म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य त्या शब्दाने सुरू होतं. "थोडक्यात, असं काम पाहिजे," म्हणाले.

४ एप्रिल

पहिली चाचणी, भर दुपारी. दुपारीच का, असं अधिकाऱ्यांना विचारलं. सूर्य डोक्यावर असला की मागोवा घेणाऱ्या कॅमेऱ्यांत तिरीप शिरत नाही, आणि सकाळी समुद्रावर धुरकट असतं, असं म्हणाले.

आधी उजेड, मग काही क्षण काहीच नाही, आणि मग आवाज. ऐकू येण्याआधी तो बरगड्यांना कळतो. बेट अख्खंच्या अख्खं वर उचलल्यासारखं उडालं. एक पांढरी चादर कुणी झटकावी तसं. मी मोजायचं सोडून बघतच राहिलो, नशीब कॅमेरा चालू होता. थोड्या वेळात पक्षी उतरू लागले आणि व्याख्येप्रमाणे लवकरच 'परतले'. मला वाटलं होतं त्यापेक्षा फारच लवकर.

दुर्बिणीसमोर अगदी पुढे एक मादी आहे, जराशी स्थूल, कपाळावरचा काळा पट्टा घसरलेल्या चष्म्यासारखा. तिला बाई 'काकू' म्हणतात. काकूही उडाल्या आणि परतल्या.

घरी सांगितलं तर ठकी म्हणाली, "घाबरले असतील ना रे ते?" म्हटलं, घाबरले, पण आले परत. म्हणाली, "तू कधी येणार?"

१६ एप्रिल

दुसरी चाचणी. आज मला जे दिसलं त्याने मी चकित झालो. निम्म्याहून जास्त पक्षी उडालेच नाहीत! आवाज तोच, बाईंच्या यंत्रावर उलट किंचित जास्त. काकू तर जागच्या हलल्या नाहीत. मान वर करून बघितलं, पुन्हा खाली. बाई म्हणाल्या, "आमच्या शेजारच्या मावशी अशाच. वरच्या मजल्यावर भिंत पाडली तरी मालिका बघत बसतात."

इतक्या लवकर सवय? अशी उदाहरणं वाचली आहेत, पण डोळ्यांसमोर बघणं वेगळं. जीव कशाकशाला सरावतो याचं नवल वाटत राहिलं.

१८ एप्रिल

अंतरिम अहवाल गेला. माती: मंचाजवळच्या पट्ट्यापुरता परिणाम. पाणी: ठीक. पक्षी: 'लवकर परततात, सवय झाल्याची स्पष्ट चिन्हं.' 'स्पष्ट' हा शब्द 'थोडक्यात' यांनी घातला. मी आधी 'प्राथमिक' लिहिलं होतं. बदल मान्य केला. का केला? दोनच चाचण्यांवरून स्पष्ट म्हणावं का, हा प्रश्न तेव्हाही मनात होता. पण काकूंचा तो निवांत चेहरा आठवला आणि वाटलं, असेल बुवा स्पष्ट.

तिसरी चाचणी २९ एप्रिलला ठरली. ठकीला सांगणं जिवावर आलं होतं. पण ती म्हणाली, "बरं. चालेल." एवढंच. रडणं नाही, फोन आपटणं नाही. कधी येणार, हेही विचारलं नाही. मुलं किती लवकर मोठी होतात! हलकं वाटलं.

२६ एप्रिल

आज सगळं उलटं झालं. नीट लिहायला हवं.

बेटावर मोजदादीला गेलो होतो. बाई चालता चालता सहज म्हणाल्या, "सर, काकूंचं बाळंतपण जरा लांबलंच, नाही?" मी हसलो आणि हसता हसता थांबलो. त्यांची अंडी मार्चमधली. सुरयांची अंडी तीन आठवड्यांत फुटतात. एव्हाना काकूंच्या मागे मागे पिल्लं धावायला हवी होती.

काकूंना हलवायला खरोखरच हात लावावा लागला. एक अंडं कानाशी धरून हळूच हलवलं. आत पाणी हिंदकळल्यासारखा आवाज. सावली करून बॅटरीसमोर धरलं. शिरा नाहीत, पिल्लाची सावली नाही, नुसता गढूळपणा. दुसरंही तसंच. मग शेजारची घरटी बघितली. दुसऱ्या चाचणीला जे उडाले नव्हते त्यांच्यापैकी बहुतेकांची हीच गत. पिल्लं होती, पण बोटांवर मोजण्याइतकी.

अंडी ठेवली तशी काकू परत येऊन बसल्या. पायांनी दोन्ही अंडी नीट पोटाखाली सरकवली. मी आवाजाचा परिणाम शोधत होतो, आणि तो रोज दुर्बिणीत माझ्यासमोर बसून होता. त्याला मी 'सवय' हे नाव दिलं होतं.

२७ एप्रिल

उबवण्याचे दिवस भरत आले की पक्षी घरट्याला जास्त चिकटून बसतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर लिहिलं असतं. दुसऱ्या चाचणीला ते उडाले नाहीत, कारण दिवस भरले होते. सवयीचा काही संबंध असेल असं दिसत नाही.

पण अंडी मेली कशाने? पहिल्या चाचणीला सगळे उडाले होते, भर दुपारी. परतले लवकर. मग?

दिवसभर चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली, आणि मग माझीच व्याख्या समोर आली. 'बेटावर उतरले.' बेटावर कुठे? तर पाण्याच्या काठाला. घाबरलेले पक्षी काठाला उतरतात, पोट भिजवतात, एकमेकांना टोचतात, पुन्हा उडतात, पुन्हा काठाला. आपापल्या खळग्याशी बऱ्याच वेळाने जातात. तोवर माझ्या तक्त्यात ते कधीच परतलेले असतात. आणि तोवर अंडी तापल्या वाळूत उघडी.

हा अजून तर्कच आहे. एकदा घाईत ठाम झालो, आता उलट बाजूने घाई नको. बघायला हवं.

२८ एप्रिल

काकूंच्या दोनांपैकी एक मेलेलं अंडं घेतलं. बारीक भोक पाडून आत तापमापकाची तार सरकवली, मेणाने बुजवलं. बेटाच्या मध्यावर एका जोडीने उशिरा, तीन-चार दिवसांपूर्वी अंडी घातली आहेत. त्यांच्या दोन अंड्यांशेजारी हे तिसरं ठेवलं आणि बाजूला झालो. मादी आली. तीन अंडी बघून क्षणभर थबकली, बाई तिच्या वतीने म्हणाल्या, "मी दोनच घातली होती ना?" आणि बसली. तार वाळूत पुरली. घरट्यावर कॅमेरा लावला.

मेणाचा वास, हाताला वाळू, आणि उद्या काय दिसेल याची हुरहुर. शाळेत पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकात डोळा घातला तेव्हा असंच झालं होतं.

२९ एप्रिल

चाचणी झाली. उशिराची जोडी उडाली. माझ्या जुन्या व्याख्येप्रमाणे बेट लवकरच 'परतलं'. कॅमेऱ्यात मात्र ते घरटं किती तरी वेळ रिकामं आहे, तीन अंडी उन्हात, आणि कडेला नुसती तापलेली हवा थरथरते आहे. अंड्यातलं तापमान चढत गेलं. चाळिशी ओलांडली, आणखी चढलं, जिथे पिल्लू तग धरत नाही तिथेही गेलं. मग मादी आली, ओल्या पोटाने बसली, आणि आलेखावरची रेघ हळूहळू खाली आली. तिला काही कळलं नसेल. तिच्या दृष्टीने ती परत आली होती आणि अंडी जागच्या जागी होती.

तिची स्वतःची दोन अंडी वाचली की नाही, इतक्यात सांगता येणार नाही. मन फार खट्टू झालं, आणि खरं लिहायचं तर त्याच वेळी आनंदही झाला, कोडं सुटल्याचा. या दोन गोष्टी एका वेळी वाटाव्यात हे बरं नव्हे. पण वाटल्या.

घरी लगेच फोन केला, कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. ठकीनेच उचलला. अंड्याला भोक कसं पाडलं, मेण कसं लावलं, रेघ कशी चढली, सगळं सांगितलं. मध्ये एकदाही तिने तोडलं नाही, नुसतं "हं, हं" करत होती. शेवटी म्हणाली, "छान आहे बाबा. ठेवू?" एवढं लक्षपूर्वक ऐकणारं या वयात दुसरं कोण असेल?

२ मे

'थोडक्यात' यांना फोन. "थोडक्यात, तू म्हणतोस आपला अंतरिम अहवाल चुकला?"

"पक्ष्यांचा भाग चुकला."

"समितीनं तो मान्य केलाय. अंतिम अहवालात तेच पुन्हा लिहायचं, एवढंच काम उरलंय. एका अंड्यावरून?"

"एका अंड्यावरून नाही. बेटावरच्या बहुतेक अंड्यांवरून. एका अंड्यानं फक्त कारण सांगितलं."

"पुढची पाच वर्षं देखरेखीचं काम आपल्याला मिळणार होतं, माहीत आहे ना?"

माहीत होतं. म्हणालो, दुरुस्तीचं पत्र मी माझ्या सहीने पाठवतो. "मग सही तुझीच राहू दे," म्हणाले आणि ठेवला. मी फार मोठं काही केलं असं नाही, चुकलेलं वाक्य मागे घेतलं.

सुरक्षा अधिकाऱ्यांना स्वतः जाऊन सांगितलं, त्यांनी ते पत्रातून वाचावं असं वाटलं नाही. त्यांनी रेघेचा कागद टेबलावर सरळ केला आणि पुष्कळ वेळ बघितला. रागावतील अशी तयारी ठेवली होती.

"म्हणजे मारतंय ते ऊन. आवाज नाही."

"आवाज उठवतो. ऊन मारतं."

"मग ऊन नसेल तेव्हा आवाज केला तर?"

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. कालपासून मी चाचण्या हव्यात की नकोत यावर स्वतःशी भांडत होतो, आणि या माणसाने सरळ घड्याळाकडे बघितलं.

"तुमचे कॅमेरे?" मी विचारलं.

"कॅमेरेवाले बोंबलतील. ते तसेही बोंबलतात." कागद घडी करून त्यांनी खिशात घातला. "नऊ तारखेला एक लहान चाचणी आहे. उजाडता उजाडता घेतो. पण एक ऐका, पक्षीतज्ज्ञ. रेघ तरीही चढली, तर ते आधी मला सांगायचं."

"रेघ चढली तर समितीला आणि तुम्हाला एकाच वेळी."

माझ्याकडे नीट बघितलं त्यांनी. "अरे वा," म्हणाले.

९ मे

धुरकट सकाळ, अंगावर काटा येईल इतका गारवा. उजेड, शांतता, आवाज. चादर झटकली गेली, या वेळी विरळ, उशिरा बसलेल्यांचीच. पक्षी काठाला उतरले, पोटं भिजवली, भांडले, अगदी तसंच सगळं. घरटं तितकाच वेळ रिकामं. आणि तार घातलेल्या अंड्याची रेघ जेमतेम हलली, वर नाही, किंचित खाली. नवी व्याख्या करून मोजलं: परतला म्हणजे आपल्या अंड्यांवर बसला.

इतकी कंटाळवाणी रेघ मी आयुष्यात इतक्या आनंदाने पाहिली नसेल. अधिकारी मागून डोकावत होते. "आमच्या कॅमेऱ्यांत मात्र निम्मं धुकं आलंय," म्हणाले. "आता भांडायला विषय झाला."

एका चाचणीवरून 'स्पष्ट' म्हणणार नाही. पत्रात लिहिलं: पक्षी अंड्यांवर असताना दुपारची चाचणी घेऊ नये, पहाटेच्या आणखी चाचण्या घरट्यांवर कॅमेरे लावून तपासाव्यात, अंतरिम अहवालातलं 'सवय' हे विधान मी मागे घेत आहे. समितीने सुनावणी ठेवली आहे. काय ठरेल ते ठरेल.

१० मे

काकू उठल्या. सकाळी दुर्बिणीला डोळा लावला तर खळग्यावर कुणी नाही, त्यात उरलेलं एक अंडं तेवढं. बाईंना विनोद सुचला नाही असा हा पहिलाच दिवस.

उशिराच्या जोडीचं अजून कळत नाही. मादी बसली आहे. ती बसली आहे याचा अर्थ मी आता काहीच लावत नाही. बाई थांबणार आहेत, कळवतील.

१३ मे

दुपारी घरी पोचलो. दार ठकीने उघडलं. "आलास?" म्हणाली आणि आत जाऊन वाचत बसली. पूर्वी गळ्यातच पडायची. मी आल्यावर अर्धा तास बेटाबद्दल बोललो. बायको ऐकत होती, ठकी पान उलटत होती.

या नोंदीची सुरुवात आधी अशी केली होती: 'ठकी शांत आहे, माझ्या येण्याजाण्याची तिला सवय झाली.' लिहून झाल्यावर ते वाक्य मला कुठे तरी आधी वाचल्यासारखं वाटलं. मग ते पान फाडलं.

पाण्याचा ग्लास घेऊन जाताना ती म्हणाली, "बाबा, बॅग दारातच आहे."

"मध्ये येते का?"

"नाही. सांगितलं नुसतं."

काय वाटलं कोण जाणे, बॅग उचलून आत नेली. सामान लावायला म्हणून कपाट उघडलं तर माझा कप्पा रिकामा नव्हता. ओलसर पोहण्याचा पोशाख, टोपी, चष्मा, आणि टॉवेलखाली लाल फितीचं एक पदक. तिसरा क्रमांक.

पदक घेऊन तिच्या दाराशी गेलो. "हे कधीचं?"

तिने पुस्तकातून वर बघितलं. "तुझ्या अंड्याच्या दिवसाचं."

मी उंबऱ्याशीच उभा होतो. तिथून आत दोन पावलं असतील. आत जाऊन तिच्या खाटेच्या कडेला बसलो. ती सरकली नाही. मग पुस्तक मिटलं, मध्ये बोट ठेवून.

"सांग," मी म्हणालो. "पाणी गार होतं का?"

"खूप," ती म्हणाली. "आधी तर श्वासच येईना."